फुलपाखरू म्हणजे कोणते?

मराठीच्या वर्गात कवितेत फुलपाखरू आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे कशाचे प्रतीक आहे? उत्तरेही ठरलेली असतात. चंचलतेचे, क्षणभंगुरतेचे, निरागस बाल्याचे. आणि शिक्षक जरा अध्यात्माकडे झुकणारे असतील तर देहाच्या कोशातून सुटलेल्या आत्म्याचे. हा प्रश्न आम्ही स्वतः कित्येक वर्षे वर्गात विचारला आहे आणि त्याच्या उत्तरांना गुणही दिले आहेत. त्याआधी विचारायचा एक प्रश्न आपण विचारतच नाही, हे आमच्या ध्यानात आले ते मात्र वर्गापासून फार दूर, अमेरिकेच्या नैऋत्येकडील वाळवंटात. तो प्रश्न असा : फुलपाखरू म्हणजे कोणते?

२०१९ च्या मार्च महिन्यात आम्ही उभयता आणि कीटकशास्त्र शिकणारी आमची भाची असे तिघे मोटारीने सॅन डिएगोहून निघालो. डोंगर ओलांडून ॲन्झा-बोरेगोच्या वाळवंटात उतरायचे, तिथे दोन दिवस काढायचे आणि मग पूर्वेकडे ॲरिझोनाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पोर्टल नावाच्या गावापर्यंत जायचे, असा बेत होता. भाचीला फुलपाखरे पाहायची होती. आम्हांला पोर्टल पाहायचे होते, कारण १९५३ च्या वसंतात व्लादिमिर नाबोकोव्ह तिथे राहिला होता; दिवसा फुलपाखरे धरत होता आणि उरलेल्या वेळात ‘लोलिता’ लिहीत होता. थोडक्यात, तिघांपैकी एकीला किडे हवे होते आणि दोघांना साहित्य. हा भेद किती पोकळ आहे हे कळायला पाच-सहा दिवस लागले.

त्या हिवाळ्यात दक्षिण कॅलिफोर्नियात पाऊस चांगला झाला होता. या वाळवंटातील वार्षिक वनस्पतींचे बी वर्षानुवर्षे वाळूत निपचित पडून असते. पाऊस पुरेसा आणि वेळेवर झाला तरच ते रुजते. २०१९ हे अशा बहराचे वर्ष होते. घाटाचा सुमारे हजार मीटरचा उतार उतरून बोरेगो स्प्रिंग्जच्या सपाटीवर आलो तेव्हा वाळूवर जांभळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या फुलांचे पट्टे पसरले होते, आणि ते पाहायला आलेल्या मोटारींची रांगही पसरली होती. पण त्याआधीच, घाट उतरताना, मोटारीच्या पुढच्या काचेवर काहीतरी टपटप आदळू लागले. प्रत्येक आघातानंतर काचेवर गडद पिवळा ठिपका उमटे. आम्ही वायपर चालवला. तो ठिपका पुसला न जाता फासला गेला.

“मामा, गाडी हळू घे,” मागच्या आसनावरून भाची म्हणाली. “पेंटेड लेडी आहेत. तो पिवळा रंग म्हणजे त्यांची चरबी. सुरवंट असताना साठवलेली. तेवढ्यावर त्यांना पुढचा प्रवास करायचा आहे.”

आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. फुलपाखरे पाहायला निघालेल्या आमची फुलपाखरांशी पहिली भेट अशी, त्यांना मारून झाली होती. बाहेर उभे राहिल्यावर दिसले की नारिंगी-काळ्या पंखांची ती मध्यम आकाराची फुलपाखरे आग्नेयेकडून येत होती आणि वायव्येकडे जात होती. एकामागून एक, जमिनीपासून काही फुटांवर, एकाच दिशेने. वाटेत मोटार आली तर तिला वळसा न घालता तिच्यावरून उचलून पलीकडे उतरत आणि तोच माग धरत. बाजूला एवढी फुले फुललेली, पण त्यांतली फारच थोडी खाली उतरत होती. पावसाळी हिवाळा झाला की मेक्सिकोच्या सीमेजवळच्या वाळवंटात यांची पैदास प्रचंड वाढते आणि मग ती उत्तरेकडे निघतात. त्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातून गेलेल्या फुलपाखरांची संख्या कोट्यवधींच्या घरात होती.

तिथे उभे असताना आम्हांला आपल्या भाषेतल्या ‘फुलपाखरी वृत्ती’ची आठवण होणे अपरिहार्य होते. या फुलावरून त्या फुलावर, कुठेच न ठरणारे, जबाबदारी नसलेले असे काही सांगायचे असले की मराठी माणसाला फुलपाखरू आठवते. समोरचा जीव यातले काहीही नव्हता. तो नेमाने, अंगातली शिधाशिदोरी खर्च करीत, ज्या मुक्कामी आपण पोहोचू याची खात्री नाही त्या दिशेने चालला होता. वारकऱ्याशी त्याचे नाते चंचल प्रियकरापेक्षा जवळचे म्हणता आले असते. विशेष म्हणजे ही जात परकी नाही. पेंटेड लेडी महाराष्ट्रातही आढळते. आम्ही ती आयुष्यभर पाहत आलो असणार आणि एकदाही पाहिली नसणार.

—

दुसऱ्या दिवशी भाचीने आम्हांला फुलांकडे पाठ फिरवायला लावली. तिला वाळवंटी काळे स्वॅलोटेल हवे होते, आणि ते शोधण्यासाठी ती एका उघड्याबोडक्या खडकाळ टेकडीवर चढू लागली. आमची समजूत अशी की फुलपाखरू शोधायचे तर फुलांत शोधावे. नावातच फूल आहे. तिचे म्हणणे असे की विरळ वस्तीच्या प्रदेशात नराला मादी भेटणे हीच मोठी अडचण असते, म्हणून अनेक जातींचे नर आसपासच्या उंच माथ्यावर जाऊन घिरट्या घालत थांबतात आणि माद्या तिथे येतात. माथा हे संकेतस्थळ. फुले ही फक्त खानावळ.

चढताना तिने एक झुडूप दाखवले. गुडघ्याएवढे, पिवळसर हिरव्या काड्यांचे, जवळजवळ निष्पर्ण. काडीवर तेलाच्या बारीक ग्रंथी. “हात लावू नका, याचा रस लागून ऊन पडले तर कातडीवर फोड येतात, नुसता वास घ्या,” ती म्हणाली. वास उग्र होता आणि कुठेतरी ओळखीचा. हे झुडूप लिंबाच्या कुळातले आहे, म्हणजे कढीपत्त्याच्याही कुळातले. या वाळवंटी स्वॅलोटेलची मादी अंडी घालते ती मुख्यतः याच झुडपावर. पुण्या-मुंबईत गॅलरीतल्या कढीपत्त्यावर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखा आणि पुढे हिरवागार दिसणारा जो सुरवंट येतो आणि ज्याला आपण पानांची नासाडी करणारी कीड म्हणून झटकून टाकतो, तो याच स्वॅलोटेलच्या कुळातला, कॉमन मॉर्मनचा. दोन खंडांत, दोन टोकांच्या हवामानांत, एकाच कुळातली फुलपाखरे एकाच कुळातल्या झाडांशी बांधलेली.

‘बांधलेली’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. फुलपाखराची मादी पानावर उतरते तेव्हा पायांनी त्याची चव घेते. हेच झाड आहे याची खात्री पटली तरच अंडे घालते. चुकीच्या पानावर घातलेले अंडे म्हणजे उपाशी मरणारा सुरवंट. ज्याला आपण फुलाफुलांवर हिंडणारे मन म्हणतो त्याचा सगळा वंश एका नेमक्या पानाच्या ओळखीवर उभा असतो. आणि पाऊस झालाच नाही, झाड वाळूनच राहिले तर? या वाळवंटातल्या काही जातींचे, उदाहरणार्थ डेझर्ट ऑरेंजटिपचे, कोश एकाहून अधिक वर्षे न उघडता थांबू शकतात. क्षणभंगुरतेचे प्रतीक म्हणून आपण ज्याला नेमले आहे तो जीव चांगल्या पावसाची वाट पाहत वर्षे काढतो.

माथ्यावर तासभर बसलो. दोन वेळा काहीतरी काळे-पिवळे वेगाने डोक्यावरून गेले. तिसऱ्या वेळी ते खडकावर क्षणभर टेकले, आणि भाचीने नाव उच्चारले. त्या एका क्षणासाठी आम्ही एवढा वेळ खर्च केला याचे आम्हांला आश्चर्य वाटले नाही. चांगल्या कवितेतली एखादी ओळ उलगडायला याहून अधिक वेळ लागतो.

इथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर करावेसे वाटते. आज ‘वाळवंट’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ओसाड, निर्जीव प्रदेश येतो, आणि लाक्षणिक अर्थाने तर ‘आयुष्याचे वाळवंट’ वगैरे प्रयोगांचा सुकाळ आहे. पण मराठीतले जुने, आपले वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू. चंद्रभागेचे वाळवंट. संतांच्या लेखी ते रितेपणाचे नव्हे, तर दाटीचे, खेळाचे, भेटीचे ठिकाण होते. गंमत अशी की अमेरिकेच्या या डेझर्टमध्ये जीव कुठे शोधावा, तर पूर आला तरच वाहणाऱ्या कोरड्या ओढ्यांच्या पात्रांत. तिथेच वाळूखाली ओल टिकते, तिथेच वाळवंटी लव्हेंडरची झुडपे माजतात आणि त्यांच्यावर पांढरी, निळी फुलपाखरे व मधमाश्या यांचा दिवसभर राबता असतो. म्हणजे आपला जुना अर्थ तिथल्या वस्तुस्थितीच्या अधिक जवळचा निघाला. शब्दाचे प्रतीक झाले तेव्हा त्यातली ओल गेली, एवढेच.

—

पोर्टलला पोहोचायला दोन दिवस लागले. युमा आणि टूसॉन मागे टाकून महामार्गाने थेट न्यू मेक्सिकोच्या हद्दीत जावे लागते, आणि तिथून दक्षिणेकडे उतरून पुन्हा ॲरिझोनात शिरावे लागते. चिरिकावा पर्वताच्या पायथ्याशी, एका दरीच्या तोंडाशी वसलेले हे चिमुकले गाव आहे. नाबोकोव्ह मोटार चालवायला कधीच शिकला नाही. अमेरिकेतल्या त्याच्या या हजारो मैलांच्या सफरींत चाकावर बहुतेक वेळा त्याची पत्नी व्हेरा असे. १९४१ च्या पहिल्या सफरीत मात्र डोरथी ल्यूथोल्ड नावाच्या त्याच्या विद्यार्थिनीने त्यांना मोटारीने देशाच्या पश्चिम टोकापर्यंत नेले. वाटेत ग्रँड कॅनियनच्या पायवाटेवर त्याला तोवर शास्त्राने न वर्णिलेले एक तपकिरी फुलपाखरू सापडले. १९४२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करताना त्याने त्याला ‘डोरोथिया’ हे नाव दिले. मोटार चालवणाऱ्या बाईंचे ऋण असे फेडले गेले. पुढच्या संशोधकांनी त्याला स्वतंत्र जातीऐवजी उपजात मानले, पण ते नाव टिकले.

नाबोकोव्हच्या फुलपाखरांविषयी साहित्याचे लोक बोलतात ते बहुधा कौतुकाने : थोर लेखकाचा गमतीदार छंद. वस्तुतः १९४२ ते १९४८ या काळात तो हार्वर्डच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात फुलपाखरांचा संग्रह सांभाळत होता. ‘ब्लूज’ या निळ्या फुलपाखरांच्या गटाविषयी १९४५ साली त्याने असा तर्क मांडला की ती आशियातून बेरिंगच्या सामुद्रधुनीमार्गे लाटालाटांनी अमेरिकेत आली असावीत. २०११ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून हा तर्क खरा ठरला. तेव्हा हा छंद नव्हता. आणि आमचा मुद्दा असा की याच सवयीतून त्याचे वाचनही घडले होते.

कॉर्नेल विद्यापीठात शिकवताना तो विद्यार्थ्यांना ‘ॲना कॅरेनिना’तल्या आगगाडीच्या डब्याची रचना, जॉइसच्या डब्लिनचा नकाशा आणि काफ्काच्या साम्सा कुटुंबाच्या घरातल्या खोल्यांची मांडणी ध्यानात ठेवायला लावी. ग्रेगोर साम्सा सकाळी उठतो तो ‘किडा’ होऊन, एवढ्यावर आपण समाधान मानतो आणि लगेच परात्मतेकडे वळतो. नाबोकोव्ह विचारी, कोणता किडा? काफ्काने दिलेले तपशील जुळवून तो दाखवी की हे झुरळ नव्हे, फुगीर पाठीचा भुंगेरा आहे. आणि अशा भुंगेऱ्याच्या पाठीवरच्या कवचाखाली पंख असतात. ग्रेगोरला पंख होते आणि ते त्याला कधी कळलेच नाहीत. परात्मतेवर लिहिलेल्या कितीतरी प्रबंधांपेक्षा या एका निरीक्षणात काफ्काचे दुःख अधिक भरलेले आहे, असे आम्हांला वाटते. ते हाती लागले ते ‘कोणता?’ हा अगदी अरसिक वाटणारा प्रश्न विचारल्यामुळे.

‘लोलिता’कडे पुन्हा पाहताना हाच प्रश्न आणखी गंभीर होतो. त्या कादंबरीतही अमेरिकाभर मोटारीचा प्रवास आहे. ज्या रस्त्यांवर नाबोकोव्ह फुलपाखरे शोधत हिंडला, त्याच प्रकारच्या रस्त्यांवर हंबर्ट एका मुलीला घेऊन हिंडतो. पण हंबर्टला फुलपाखरे दिसत नाहीत. संध्याकाळी फुलांवर तरंगणारे पतंग त्याला गुंजनपक्षी वाटतात. ही चूक हंबर्टची आहे, आपली नव्हे, हे नाबोकोव्हने पुढे स्पष्ट केले आहे. हंबर्ट सुसंस्कृत आहे, बहुश्रुत आहे, भाषाप्रभू आहे. फक्त त्याला समोरचे दिसत नाही. त्याने डोलोरेस हेझ या बारा वर्षांच्या मुलीला एक दुसरेच नाव दिले, तिला आपल्या गतकालीन प्रेमाचे प्रतीक केले, आणि त्या प्रतीकाआड खरी मुलगी रात्री रडत होती हे कळूनही न कळल्यासारखे केले. साहित्यातला हा सर्वांत भयंकर प्रतीकवादी वाचक आहे. आपण सारेच हंबर्ट आहोत असे आम्ही म्हणत नाही. पण समोरच्या जिवाला अर्थाचे भांडे समजण्याची सवय निरुपद्रवी नाही, एवढे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

—

या मांडणीवर काही आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत.

पहिला आक्षेप : साहित्य म्हणजे प्राणिशास्त्र नव्हे. कवीने ‘फुलपाखरू’ म्हटले असेल तर त्याची जात शोधणे हा पंडिती खटाटोप आहे. हे खरेच आहे. कवीने जे दिलेले नाही ते शोधत बसू नये. पण कवीने जे दिले आहे तेही आपण पाहत नाही, ही आमची तक्रार आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले. त्यात बारा महिन्यांतली झाडे, फुले, पाखरे आपापल्या नावानिशी आणि आपापल्या वेळी येतात. दुर्गाबाईंना जो अर्थ दिसतो तो त्या त्या झाडाच्या पालवीतून, मोहरातून वर येतो. आधी ठरवून झाडावर लादलेला नसतो. असे पुस्तक अभ्यासक्रमात लागले की आम्ही त्यातून ‘निसर्गाविषयीचा दृष्टिकोन’ काढून लिहून देतो आणि विद्यार्थी तेवढेच पाठ करतात. झाड कोणते, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. परिणामी, सावरीच्या झाडाखालून रोज कॉलेजात येणारा विद्यार्थी सावरीचे सौंदर्य पुस्तकात वाचतो आणि त्या झाडाकडे मान वर करून बघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. नाव देणे म्हणजे ताबा घेणे; फुलपाखरांची नावे देणाऱ्यांच्या हाती जाळी होती, विषाची बाटली होती आणि बहुधा साम्राज्यही होते. हेही खरे. आपल्याकडच्या फुलपाखरांची रूढ इंग्रजी नावे पाहिली तर सार्जंट, कमांडर, कमोडोर, बॅरोनेट, नवाब, राजा अशी सगळी लष्करी आणि दरबारी भरती दिसते. राज्य कोणाचे होते हे त्या यादीवरून कळते. पण यावरचा उपाय नामहीनता हा नव्हे. उपाय आहे तो आपली नावे आठवण्याचा, गोळा करण्याचा आणि नसतील तिथे घडवण्याचा. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून हिंडताना रानातल्या माणसांच्या बोलींतून शब्द वेचले आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला, तेव्हा त्यांनी हेच केले. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू ठरवले. पुढे राज्याच्या जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावे दिली आणि ब्लू मॉर्मन ‘नीलवंत’ झाले. ही नावे काहींना कृत्रिम वाटतील. वापरात आली की ती रुळतील; न वापरली तर शासकीय कागदावर राहतील. ती वापरण्याचे काम साहित्याचे आहे, मंडळाचे नव्हे.

तिसरा आक्षेप आमचा आम्हीच घेतो. नावांची यादी करणे म्हणजे पाहणे नव्हे. जातींसमोर खुणा करत धावणारे हौशी लोकही आम्ही या प्रवासात पाहिले. छायाचित्र घेतले, नाव लिहिले, पुढे निघाले. फुलांचा गालिचा पाहायला आलेले प्रवासी आणि हे यांत फारसा फरक नव्हता. नाव हा पाहण्याचा शेवट नसून आरंभ आहे. स्वॅलोटेल हे नाव कळले म्हणून ते झुडूप कळले, झुडूप कळले म्हणून लिंबाचे कूळ कळले, आणि ते कळले म्हणून घरचा कढीपत्ता नव्याने दिसला. जे नाव पुढच्या प्रश्नाकडे नेत नाही ते प्रतीकाइतकेच पोकळ.

—

हे सारे साहित्यापुरतेच असते तर आम्ही एवढे लिहिले नसते. मार्च २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील फुलपाखरांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० ते २०२० या वीस वर्षांत तिथल्या फुलपाखरांची एकूण संख्या २२ टक्क्यांनी घटली, असा त्याचा निष्कर्ष आहे. अभ्यासलेल्या जाती ५५४. त्यांपैकी १०७ जातींची संख्या निम्म्याहूनही खाली गेली. कीटकनाशके, अधिवासाचा नाश आणि बदलते हवामान ही कारणे त्यात येतात. नैऋत्येकडच्या ज्या कोरड्या प्रदेशातून आम्ही गेलो तिथे घट विशेष तीव्र आहे. आम्ही २०१९ मध्ये पाहिलेली ती कोट्यवधींची मिरवणूक या आकड्यांच्या आड येऊ नये. पेंटेड लेडी काही वर्षे अफाट येते, काही वर्षे जवळजवळ दिसत नाही. एका जातीच्या एका चांगल्या वर्षावरून बाकीच्यांची खुशाली कळत नाही.

पण आम्हांला विचारात पाडले ते या अभ्यासाच्या साधनाने. सुमारे ७७ हजार सर्वेक्षणांतल्या नोंदी त्यासाठी एकत्र केल्या गेल्या. त्यांतल्या अनेक नोंदी हौशी स्वयंसेवकांच्या आहेत : कोणते फुलपाखरू, कुठे, कोणत्या दिवशी, किती. एवढेच. या कोरड्या चार गोष्टी कोणी तरी नेमाने लिहून ठेवल्या म्हणून काय नाहीसे होत आहे हे आज कळते आहे. ज्या भाषेत सगळी फुलपाखरे म्हणजे एकच फुलपाखरू, त्या भाषेला त्यांतले एक गेल्याचे कळणार कसे? प्रतीकाला मरण नसते. शेवटचे फुलपाखरू गेल्यावरही आपल्या कवितेत चंचलता, क्षणभंगुरता आणि आत्मा सुखाने भिरभिरत राहतील, आणि वर्गात त्यांच्यावर प्रश्न येत राहतील. आम्हांला भीती वाटते ती याची.

म्हणून शिक्षक मित्रांना आमची विनंती साधी आहे. प्रतीकाचा प्रश्न विचारू नका असे आम्ही म्हणत नाही. तो नंतर विचारा. आधी विचारा : कोणते? कोणत्या झाडावर? कोणत्या महिन्यात? कवितेत उत्तर असेल तर ते शोधू द्या. नसेल तर कवीने ते का गाळले, हाही वाचनाचाच प्रश्न आहे. आणि शक्य असेल तर एकदा वर्ग बाहेर न्या. कॉलेजच्या कुंपणाशी रुई हमखास असते. मारुतीला वाहतात म्हणून ती आपल्याला ठाऊक असते. तिच्या पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सुरवंट वाढतात आणि त्यांचे नारिंगी प्लेन टायगर होते, हे ठाऊक नसते. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात अशाच चिकाच्या झुडपांवर त्याची चुलत बहीण, क्वीन नावाची, आम्हांला भेटली. त्या भेटीत आम्हांला रुई आठवली. उलट मात्र कधी झाले नव्हते.

पोर्टलमध्ये आम्ही एक दिवस राहिलो. मार्चअखेरचा गारठा होता, ढग होते, फुलपाखरे फारशी उडत नव्हती. नाबोकोव्ह जिथे राहिला होता ती जागा आम्ही शोधली नाही. दुपारी थोडे ऊन पडले तेव्हा दरीतल्या ओढ्याकाठी, ओल्या वाळूवर, नखाएवढे एक निळे फुलपाखरू उतरले आणि पंख मिटून पाणी पिऊ लागले. कोणते, असे आम्ही विचारले. भाचीने बराच वेळ पाहिले. पंखांच्या खालच्या बाजूचे ठिपके नीट दिसण्याआधीच ते उडाले. नक्की सांगता येत नाही, ती म्हणाली. मग तिने वहीत तारीख लिहिली, ओढ्याचे नाव लिहिले, वेळ लिहिली, ‘एक’ असा आकडा लिहिला, आणि नावाची जागा मोकळी सोडली.

आम्ही ती जागा तिथेच काहीतरी अर्थ लावून भरून टाकली असती. निदान त्या दिवशी तरी आम्ही तसे केले नाही.